रेंज फुल्ल, पण फोन लागंना : पुढचं नेटवर्क कोल्हापूरला काय देणार?

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावरून घरी फोन लावून बघा. स्क्रीनवर काड्या पूर्ण भरलेल्या असतात, शेजारी ५जी असंही लिहिलेलं असतं, आणि फोन काही लागत नाही. लागलाच तर 'हॅलो, ऐकू येतंय का' याच्या पुढं गाडी जात नाही. सासनकाठ्यांच्या गर्दीत चुकलेल्या पाहुण्याला शोधणारा माणूस टॉवरच्या नावानं बोटं मोडतो. टॉवर मात्र चालूच असतो. त्या काड्या एवढंच दाखवतात, की टॉवरचा सिग्नल तुमच्या फोनपर्यंत नीट पोचतोय. टॉवरकडं तुमच्यासाठी जागा उरली आहे का, हे काड्यांत दिसतच नाही.

येत्या दहा वर्षांत मोबाइलचं नेटवर्क कसं बदलणार, हे समजून घ्यायला इथूनच सुरुवात केलेली बरी. कारण जाहिरातीत दिसतो तो फक्त वेग. ५जी आलं, आता ६जी येणार, अख्खा सिनेमा दोन सेकंदांत उतरणार. पण सिनेमा उतरायला वीस सेकंद लागले म्हणून आजवर कुणाचं अडलेलं नाही. आपलं अडतं ते गर्दीत, घाटात आणि पुरात. पुढच्या नेटवर्कातलं मोलाचं काम तिथंच चाललंय, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते.

आधी गर्दीचं बघू. फोन आणि टॉवर एकमेकांशी रेडिओ लहरींवर बोलतात. या लहरींचे पट्टे ठरलेले असतात. त्यांना स्पेक्ट्रम म्हणतात आणि सरकार त्यांचा लिलाव करतं. २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या. एवढे पैसे मोजूनही हातात येतो तो ठरावीक रुंदीचा पट्टा, आणि एका टॉवरच्या टापूतले सगळे फोन तोच पट्टा वाटून घेतात. डोंगरावर एरवी थोडी माणसं, यात्रेला काही लाख. प्रत्येकाचा वाटा बारीक होणारच.

५जीनं यावर काढलेली तोड अँटेनात आहे. जुनी अँटेना आपल्या टापूत सगळीकडं सारखाच सिग्नल फेकायची. ५जीच्या चौकोनी पेटीत ६४ पर्यंत छोटे ट्रान्समीटर असतात. त्यांच्या लहरी किंचित मागंपुढं सोडल्या की सिग्नल हव्या त्या दिशेला एकवटतो. मग त्याच क्षणी, त्याच पट्ट्यावर, देवळाकडच्या फोनला एक सिग्नल आणि पार्किंगमधल्या फोनला दुसरा असं करता येतं. ६जीच्या प्रयोगशाळांत हा आकडा कित्येक पटींनी वाढवायचं काम चाललंय. पण सगळे फोन एकाच प्राकारात खेटून उभे असले, तर त्यांच्या दिशा इतक्या जवळ येतात की त्या वेगळ्या काढणं अवघड जातं. त्यामुळं यात्रेपुरते चाकांवरचे टॉवर आणून उभे करण्याला पुढंही पर्याय दिसत नाही.

दुसरा उपाय जास्त रुंद पट्टे वापरण्याचा. ते वरच्या फ्रिक्वेन्सीला मिळतात, पण वर जावं तसा सिग्नल नाजूक होतो. ७०० मेगाहर्ट्‌झचा सिग्नल शेतं ओलांडून, भिंती भेदून घरात येतो. २६ गिगाहर्ट्‌झचा म्हणजे २६,००० मेगाहर्ट्‌झचा सिग्नल वेगाला भारी, पण भिंतीनं अडतो, झाडाच्या पाल्यानं अडतो, फोन धरलेल्या हातानंसुद्धा अडतो. गंमत म्हणजे अशाच, काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकातच कोलकात्यात प्रयोग केले होते. ६जीसाठी सध्या जास्त लक्ष आहे ते ७ ते १५ गिगाहर्ट्‌झच्या मधल्या पट्ट्याकडं. त्यातलं काय मोबाइलला द्यायचं यावर २०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत खल होईल. ६जीला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं 'आयएमटी-२०३०' असं नाव दिलंय, म्हणजे बाजारात यायचा अंदाजही नावातच आहे.

मुंबई जवळ येत नाही

वेग आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक गोंधळ इथंच होतो. गोकुळचा टँकर एका खेपेत हजारो लिटर दूध मुंबईला नेतो, पण पोचायला त्याला काही तास लागतातच. टँकर दुप्पट मोठा केला म्हणून मुंबई जवळ येत नाही. आपण ज्याला नेटचा स्पीड म्हणतो तो टँकरचा आकार. प्रवासाला लागणारा वेळ निराळा. त्याला लेटन्सी म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात.

आता हिशेब करा. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर ते मुंबई रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटर, जाऊन येऊन साडेसातशे. म्हणजे निव्वळ प्रवासाचे पावणेचार मिलिसेकंद झाले. मधल्या प्रत्येक यंत्राचा वेळ वेगळाच. मग '५जीमध्ये एक मिलिसेकंदात उत्तर' हे आलं कुठून? तो आकडा खोटा नाही, पण तो फक्त हवेतल्या टप्प्याचा, फोन ते टॉवर एवढ्याचाच आहे. सगळा प्रवास एका मिलिसेकंदात उरकायचा तर समोरचा कॉम्प्युटर फार तर शंभर किलोमीटरवर हवा. कोल्हापूरवरून मोजलं तर सांगली यात बसते, पुणं बसत नाही.

म्हणून पुढच्या नेटवर्कात कॉम्प्युटरच गावाकडं येणार आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी, कधी थेट कारखान्याच्या आवारात, छोटी डेटा केंद्रं. याला एज कॉम्प्युटिंग म्हणतात. आपल्याकडं याचं पहिलं गिऱ्हाईक गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या एमआयडीसीत असेल. फाउंड्रीत साच्यातून निघालेला जॉब, म्हणजे ओतलेला भाग, पट्ट्यावरून पुढं सरकतोय आणि वरचा कॅमेरा ब्लोहोल (आत राहिलेली हवेची पोकळी), तडा शोधतोय असं समजा. खराब जॉब मशीन शॉपला जायच्या आधीच बाजूला निघाला तर रिजेक्शनचा खर्च वाचतो. खरं सांगायचं तर या कामाला तीस-चाळीस मिलिसेकंदही चालतात. माणसाचा हात आडवा आला म्हणून रोबोचा दांडा जागच्या जागी थांबवायचा असेल तेव्हा मात्र मुंबईच्या उत्तराची वाट बघून भागत नाही.

कंपन्यांना आवारापुरतं स्वतःचं खासगी ५जी उभारता यावं म्हणून दूरसंचार विभागानं जून २०२२ मध्ये नियम काढले. उद्यमनगरातल्या दहा मशीनच्या शॉपला यातलं काही लागणार नाही. चांगलं वायफाय आणि स्पिंडलची थरथर मोजणारे दोन-चार सेन्सर एवढ्यावर त्याचं काम भागतं. कुणी '५जी रेडी फॅक्टरी' विकायला आला तर आधी विचारावं, वायरनं हे का होणार नाही?

आणखी एक बाब कुणी फारशी बोलत नाही, ती अपलोडची. नेटवर्कची सगळी बांधणी आपण बघणारी माणसं आहोत असं धरून केलेली आहे. ५जीचा मुख्य पट्टा येणं आणि जाणं या दोन्हींत वेळ वाटून वापरला जातो, आणि त्यातला बराच मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. शिवाय टॉवरकडं कित्येक वॅटची ताकद, तुमच्या फोनकडं वॅटचा पाचवा भाग. त्यामुळं टॉवरचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं त्याच्यापर्यंत पोचत नाही. गगनबावड्याच्या आरोग्य केंद्रातून सोनोग्राफीची हलती चित्रं कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या तज्ज्ञाला दाखवायची तर भार पडतो तो सगळा अपलोडवर. दुकानाचे कॅमेरे, ड्रोन, कुस्तीच्या मैदानाचं थेट प्रक्षेपण, सगळं अपलोडच. पुढच्या पिढीत हे गणित बदलण्यावर बरंच काम होतंय, आणि माझ्या मते सामान्य माणसाला ६जीचा फरक आधी तिथंच जाणवेल.

एकाच टॉवरवर वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी हमी देण्याची सोयही ५जीतच आली आहे. तिला स्लायसिंग म्हणतात. यात्रेत पोलीस आणि रुग्णवाहिकेसाठी क्षमतेचा एक भाग राखून ठेवला, की बाकीच्यांनी कितीही रील टाकल्या तरी त्यांचं बोलणं तुटत नाही. हीच सोय उद्या जादा पैसे मोजणाऱ्याला विकता येते. डेटाच्या दरात भेदभाव करायला दूरसंचार नियामक ट्रायनं २०१६ मध्ये बंदी घातली होती. स्लायसिंग त्यात कुठं बसवायचं, हा वाद पुढं रंगणार.

पाणी चढतं तेव्हा

मोबाइलला आपण बिनतारी म्हणतो, पण बिनतारी भाग असतो तो फोनपासून टॉवरपर्यंतच. पुढं बहुतेक सगळी वाट काचेच्या तारेची. रस्त्याकडेला जेसीबीनं केबल तोडली की अर्ध्या उपनगरात राउटरवर लाल दिवा लागतो तो याचमुळं. जोडणारा येतो, छत्री लावून खड्ड्याशेजारी बसतो. तारेवरचं रंगीत प्लास्टिक सोलतो, काच अल्कोहोलनं पुसतो, कटरनं टोक सरळ तोडतो. काचेची जाडी १२५ मायक्रॉन, आणि प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो जेमतेम नऊ मायक्रॉनचा. दोन टोकं यंत्रात समोरासमोर येतात, विजेची ठिणगी पडते, काच वितळून एक होते आणि छोट्या पडद्यावर किती प्रकाश वाया गेला त्याचा आकडा उमटतो. ०.०२ डेसिबल आला की तो मान डोलावतो आणि पुढची तार घेतो. एका केबलमध्ये अशा कितीतरी तारा. ६जी म्हणा नाहीतर आणखी काही, सगळा डोलारा उभा आहे तो या माणसाच्या हातांवर.

आता २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. दोन्ही वर्षी पाणी ५० फुटांच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. अशा वेळी टॉवर पाण्यात बुडायचीही गरज नसते. वीज जाते, टॉवर बॅटरीवर येतो. बॅटरी काही तास पुरते, मग जनरेटर. जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेल येणार रस्त्यानं. रस्ता तर पाण्याखाली. किंवा टॉवर चालू असतो, पण पुलावरून नेलेली फायबर तुटते. मग पुन्हा तेच, काड्या भरलेल्या आणि नेट बंद.

यावरचे उपाय झगमगीत नाहीत. फायबर एकाच रस्त्यानं न नेता वर्तुळात फिरवायची, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून वाट राहते. टॉवरवर जास्त टिकणाऱ्या लिथियम बॅटऱ्या आणि सोलर. आणि आपत्तीत कंपनीची भिंत काढायची. तुमच्या कंपनीचा टॉवर बंद असला तर फोन दुसऱ्या कुणाच्याही चालू टॉवरला लागला पाहिजे. याला इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात. अलीकडच्या चक्रीवादळांत सरकारनं कंपन्यांना हे सुरू करायला लावलं होतं. पुरात सापडणाऱ्या चिखली-आंबेवाडीच्या माणसाला ६जीच्या वेगापेक्षा या एका सोयीचा उपयोग जास्त आहे.

इशारे देण्याची पद्धतही बदलली आहे. २०२३ मध्ये एके दिवशी आजूबाजूचे सगळे फोन एकदम सायरनसारखे किंचाळले होते, आठवतं? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी. एसएमएस एकेका नंबरला पाठवावा लागतो, लाखो लोकांना पाठवायचा तर रांग लागते. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदाच सांगतो. त्याला नंबर माहीत असायची गरज नाही, आणि नेटवर्कवर गर्दी असली तरी संदेश अडत नाही. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित. तलाव भरला की आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, आणि ते शहराजवळ यायला काही तास असतात. तेवढ्या वेळात नदीकाठच्या नेमक्या गावांतल्या प्रत्येक फोनवर मराठीत इशारा वाजवणं आजच्या तंत्रानंही जमण्यासारखं आहे. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर दर पावसाळ्यात २०१९ चेच फोटो 'आत्ताची परिस्थिती' म्हणून फिरतात ते आहेतच.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट यापुढची आहे. नेटवर्कच पाऊस मोजू शकतं! डोंगराळ भागात जिथं फायबर जात नाही तिथं टॉवर ते टॉवर मायक्रोवेव्हचा दुवा असतो, त्या गोल डिश. २३ गिगाहर्ट्‌झची लहर साधारण १३ मिलिमीटर लांब असते. पावसाचे थेंब तिच्या वाटेत आले की ती दमते, आणि पाऊस जितका जोराचा तितकी जास्त दमते. सिग्नल किती घटला हे कंपनीच्या यंत्रांत तसंही नोंदलं जातं. त्या नोंदी उलट्या वाचल्या की दोन टॉवरच्या मध्ये किती पाऊस पडतोय ते कळतं. तेल अवीवच्या संशोधकांनी हे २००६ मध्ये दाखवून दिलं, नंतर नेदरलँड्समध्ये अख्ख्या देशाचे पावसाचे नकाशे असेच काढून पाहिले. पर्जन्यमापक एका जागचा पाऊस सांगतो. गगनबावडा, दाजीपूर, राधानगरीच्या पट्ट्यात एका टेकडीवर धो धो आणि पलीकडच्या खोऱ्यात रिमझिम, असं रोजचंच. तिथं प्रत्येक दुवा एकेक मापक झाला तर पाणलोटात किती पाणी चाललंय याचा अंदाज किती आधी येईल!

६जीमध्ये हीच कल्पना नेटवर्कच्या गाभ्यात घालण्याचं चाललंय. टॉवर नुसता बोलणार नाही, आपल्याच लहरींचे प्रतिध्वनी ऐकून आसपास काय हलतंय तेही ओळखणार. ड्रोन, वाहनं, पुलावर चढलेलं पाणी. आणि माणसंही. खिशात फोन नसलेला माणूसही त्याला दिसेल. ही नोंद कोण ठेवणार, पोलिसांना कशी मिळणार, याचे नियम तंत्रज्ञान यायच्या आधी व्हायला हवेत. नंतर ते होत नाहीत, हा आपला अनुभव.

घाटातलं थोडक्यात. करूळ घाटात, विशाळगडाच्या जंगलात प्रत्येक वळणाला टॉवर उभा करणं कुणालाच परवडत नाही. तिथं उपग्रह येतो. जुने दळणवळण उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात, तिथून उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद. स्टारलिंकसारखे नवे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळं तो वेळ कितीतरी कमी होतो. स्टारलिंकला भारतात २०२५ मध्ये परवाना मिळाला, पण तो छतावरच्या डिशसाठीचा प्रकार. खरी मजा साध्या फोनवरून थेट उपग्रहाशी बोलण्यात आहे. त्यासाठीचे नियम २०२२ मध्येच ५जीच्या मानकांत आले. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतोय आणि तुमच्या फोनची ताकद इवलीशी, तरी मेसेज जातो. सुरुवातीला मेसेजच, व्हिडिओ नाही. आणि वर उघडं आभाळ हवं. दाट झाडीत किंवा घरात बसून चालणार नाही.

होलोग्राम, मुंबईत बसून कोल्हापुरातल्या रुग्णाचं ऑपरेशन, असल्या गोष्टी प्रत्येक पिढीच्या जाहिरातीत असतात. त्यांच्यावर इथं जागा घालवत नाही.

त्यापेक्षा शेतातल्या पेटीकडं बघा. यंत्रांचं इंटरनेट ही भविष्यातली गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण आपल्याकडं नदीकाठच्या मोटारींना ते केव्हाच आलंय. मोबाइल स्टार्टर. पेटीत सिमकार्ड. रात्री दीडला थ्री फेज आली की शेतकरी अंथरुणातूनच फोन लावतो आणि मोटार सुरू करतो. काट्याकुट्यातून, साप-किरडातून जाणं वाचतं. यातल्या कितीतरी पेट्या २जीवर चालतात. इकडं जग २जी बंद करायला निघालंय, कारण तोच पट्टा ४जी-५जीला वापरला तर कितीतरी जास्त काम देतो. आपल्याकडं जिओकडं २जी पहिल्यापासूनच नाही. बाकीच्यांनी उद्या बंद केलं, तर त्या पेट्या मुक्या होतील, फोन मात्र उत्तम चालत राहील आणि मोटार का सुरू होत नाही ते कळणार नाही.

यंत्रांसाठीचं नवं तंत्र तयार आहे. एनबी-आयओटी त्यासाठीच बनवलंय. डेटा अगदी थोडा, पण सिग्नल विहिरीच्या तळाशी असलेल्या सेन्सरपर्यंत जाईल इतका चिवट, आणि एका बॅटरीवर दहा वर्षं हे त्याचं उद्दिष्ट. उसाच्या सरीतला ओलावा, विहिरीची पातळी, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला टेकलेलं पाणी, यांना दिवसातून चार आकडे पाठवायला दुसरं काही लागत नाही. तोवर नवा स्टार्टर घ्यायला गेलात तर दुकानदाराला एवढं विचारा, आतलं मॉड्युल २जीचं आहे की ४जीचं, आणि पुढं बदलायचं झालं तर नुसतं आतलं मॉड्युल बदलता येतं की अख्खी पेटी.